काहीतरी चुकलं आहे

पडद्यावर तेच वाक्य पुन्हा उमटलं. 'काहीतरी चुकलं आहे. पुन्हा प्रयत्न करा.' गुंजनने खुर्ची थोडी मागे घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर दीप्तींना दाखवलं.

"बघा मॅडम. नाव निघूनच नाही राहिलं."

नाव गुंजनच्याच आईचं होतं. प्रेमिला देवराव. तीन वर्षं, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी आठ वाजता, चार नंबरची खाट. गुंजन त्याच डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर बसायची. तिथून काचेपलीकडे तिला आईचे फक्त पाय दिसायचे, नागपूरच्या मे महिन्यातही लोकरी मोजे घातलेले. आत एसी, त्यात रक्त मशीनमधून फिरून आलं की आईला हुडहुडी भरायची.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी गुंजन कामावर आली. तोवर डॉक्टरांनी त्या नावाला हात लावला नव्हता; ते तिनेच काढावं, असं त्यांना वाटलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हती ती. तिला वाईट वाटत नव्हतं, कारण काहीच वाटत नव्हतं. भाजीत मीठ नाही, हेसुद्धा घरच्यांनी सांगितल्यावर तिला कळायचं.

कामात मात्र खोट नव्हती. रोज पावणेआठला दार उघडायचं, संगणक सुरू करायचा, रुग्णांच्या पुढच्या पाळ्या टाकायच्या, मग दिवे, मग पंखे, मग चहा. आई होती तेव्हाही हाच क्रम होता.

बाहेरच्या बाकावर रुपराव बसलेले असायचे. खाप्याहून पहिल्या बसने यायचे. त्यांना आठवड्यातून तीनदा मशीन लागायचं आणि मिळायचं एकदा, तेही दुसऱ्या दवाखान्यात. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, असंच चाललं तर महिना काढणं कठीण आहे. चार नंबरची खाट त्यांनाच मिळायची होती. पण आईचं नाव निघाल्याशिवाय संगणक खाट मोकळी दाखवेना, आणि खाट मोकळी दिसल्याशिवाय सरकारी योजनेची मंजुरी येईना.

"लागला का माहा नंबर, पोरी?"

"नाही काका. सिस्टीममधी गडबड आहे."

"बरं," म्हणून ते परत बाकावर जायचे. रागावायचे नाहीत. रागावायलाही अंगात काही लागतं.

शेवटी डॉक्टरांनी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. बुधवारी सकाळी मोहित लकडगंजहून स्कूटरवर आला आणि हेल्मेट काउंटरवर ठेवून गुंजनच्या खुर्चीत बसला. थोडा वेळ काहीतरी वाचत राहिला, मग कपाळाला हात लावला.

"बिघाड नाही ताई. ज्याच्या नावावर काही बाकी आहे, ते नाव सिस्टीम काढूच देत नाही. बरोबरच आहे ते, नाही तर मागच्या नोंदी बेवारस होतात. मेसेज बेकार आहे फक्त. काय चुकलं ते सांगून नाही राहिला, तर माणूस करंल काय?"

"कोनं लिहिला?"

"मीच. घाईत होतो." तो ओशाळून हसला. "आता नीट लिहितो. काय अडकलं, कुठं अडकलं, कोनं टाकलं, सगळं सांगंल."

"राहू दे ना मोहित. आधी चहा घे."

"पाच मिनिटांचं काम आहे."

खरंच पाच मिनिटांचं होतं. तेवढ्यात रुपराव उठून काउंटरपाशी येऊन उभे राहिले. मोहितने 'नाव काढा' दाबलं आणि नवा संदेश मोठ्याने वाचायला घेतला.

"प्रेमिला देवराव यांचं नाव काढता येत नाही. कारण, त्यांच्या नावावर पुढची पाळी नोंदलेली आहे. गुरुवार, सकाळी आठ, खाट चार. नोंद करणार..."

तो थांबला. पुढचं त्याने वाचलं नाही. हेल्मेट उचलून "चहा कुठं मिळते इथं?" असं विचारत तो बाहेर निघून गेला.

गुंजन खुर्चीत बसली. उरलेली ओळ तिने स्वतः वाचली. 'नोंद करणारी व्यक्ती: गुंजन. आज, सकाळी ७.४६.'

तिला माहीत नव्हतं असं नाही. रोज पावणेआठला आईची पाळी टाकताना माहीत असायचं. आठ वाजता नसायचं.

"काय म्हणते वं ते?" रुपरावांनी विचारलं. "सापडली का चूक?"

"सापडली काका."

तिने गुरुवारची पाळी उघडली आणि रद्द केली. मग 'नाव काढा' दाबलं. या वेळी संगणकाने फक्त एवढंच विचारलं, नक्की काढायचं? तिने 'हो' दाबलं. खाट चारसमोर हिरवा ठिपका आला, पाठोपाठ योजनेची मंजुरीही. काचेपलीकडच्या त्या खाटेवर घडी केलेली पांढरी चादर होती. तिथे कोणाचेच पाय नव्हते, आणि आई गेल्यापासून हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

तिने टेबलाचा खण ओढला. आतून लोकरी मोज्यांचा जोड काढून काउंटरवर ठेवला.

"उद्या आठले या काका. अन् हे घालून या. चार नंबरवर लई थंडी वाजते."