सालापाव आणि बासष्ट किलो

काट्याच्या काचेत आकडा थरथरला आणि थांबला. सदुसष्ट किलो तीनशे.

खाम्फायकाकांनी मनातल्या मनात बासष्ट वजा केले. पाच किलो तीनशे. मागच्या शनिवारी सहा होते. आणि हे पाच किलोचं ध्यान त्यांच्या कडेवर जांभई देत होतं, पोट मनगटावरून खाली ओघळलेलं.

"पाच किलोचा दिसतोस का रे तू?" काकांनी विचारलं. सालापावने त्यांचा कान चाटला.

पॉमेरेनियन जातीचा हा कुत्रा काकांच्या बायकोचा, बुआपानचा. उकडलेल्या पावासारखा गोल म्हणून तिनेच त्याचं नाव सालापाव ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं भरवून ते खरंही करून दाखवलं. ती गेल्यावर घरात उरले दोघेच. लेक लांब रायोंगच्या कारखान्यात. तशात सालापावच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकायला लागली. तो तीन पायांवर लंगडायचा आणि पायरीपाशी थांबून काकांकडे बघायचा. ते बघणं काकांना सहन व्हायचं नाही.

"ऑपरेशन करता येईल," डॉक्टर कान्तिमा म्हणाल्या होत्या, "पण साडेसात किलोवर एवढ्याशा जिवाला भूल देणं धोक्याचं आहे. सहावर आणा. दोन वेळा मापाने खाणं, वर थोडा उकडलेला भोपळा, सकाळी उन्हाआधी फिरणं. आणि घाई नको काका. आठवड्याला शंभर ग्रॅम, बस. झपाट्याने उतरलं तर चरबीऐवजी स्नायू झिजतात. तसं दिसलं तर खाणं वाढवा."

काकांनी सगळं शिस्तीत केलं. खाण्याच्या मापात एक दाणा जास्त नाही. दर शनिवारी औषधाच्या दुकानासमोरच्या काट्यात एक बाटचं नाणं टाकायचं. सालापाव एकटा काही त्या काट्यावर ठरत नसे, उडी मारून पळे. म्हणून त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचे बासष्ट वजा करायचे. एकविसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या सोडतीत लाल चिठ्ठी निघून काका सैन्यात गेले, तेव्हा शिक्क्यानिशी बासष्ट किलो लिहिलं होतं. हे वजनाचं सुरू व्हायच्या आधी बुआपानच्या वर्षश्राद्धाला देवळातल्या काट्यावर उभे राहिले, तरी बासष्टच! गल्लीत ही बढाई ऐकली नाही असा माणूस नव्हता.

पहिले दोन आठवडे आकडा उतरला तेव्हा काका खूश होते. तिसऱ्या आठवड्याला चारशे ग्रॅम, चौथ्याला सातशे, आता पुन्हा सातशे. हे तर झपाट्याने उतरणं झालं. त्यांनी त्याच दिवशी खाणं वाढवलं.

पुढच्या शनिवारी आकडा चार किलो सहाशे.

"जंत असतील," कोपऱ्यावर भाजलेला चिकट भात विकणारी लामूलताई म्हणाली.

"औषध दिलं जंतांचं."

"मग पॉप भूत लागलं असेल. तो आतून खातो, काका. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, आत काही उरत नाही."

"कुत्र्याला पॉप लागतो होय? काहीतरीच तुझं!"

"तुम्हाला काय माहीत? कुत्रा कुणाला सांगणार आहे?" तिने भाताचा एक गोळा काकांपुढे धरला. "तुम्ही तरी खा. चेहरा बघा, सुतकी झालाय नुसता."

काकांनी दोन घास खाल्ले आणि बाकीचा पानात गुंडाळून ठेवला. काळजीने घशाखाली काही उतरत नव्हतं. फक्त तहान तेवढी लागायची. एप्रिलचं ऊन, कुणाला लागत नाही?

मग त्यांना वाटलं, काटाच खोटा. ते घरून तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन आले आणि काट्यावर ठेवली. पाच किलो. ना कमी ना जास्त. काका तिथेच फूटपाथवर बसले. तांदूळ खरे, काटा खरा, मग खोटं काय? सालापाव पिशवीवर डोकं टेकून झोपला. गळ्यातला पट्टा त्याला काचत होता. काकांनी तो एका भोकाने सैल केला. वाळत चाललेल्या कुत्र्याचा पट्टा सैल करावा लागतो, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

त्या रात्रीपासून सालापावला तिसरं जेवण सुरू झालं.

सातव्या शनिवारी आकडा तीन किलो नऊशे. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून काखेत मारलं, सालापावला टोपलीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला. "वाचवा त्याला," एवढंच ते दारातून म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टरांनी सालापावला टेबलावर ठेवलं आणि त्या हसायलाच लागल्या. "सात किलो नऊशे! अहो काका, उतरवायचं होतं, चढवायचं नव्हतं."

"शक्य नाही." काकांनी कॅलेंडर पुढे केलं. "हे बघा. एक शनिवार चुकवला नाही मी."

डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "वजन कसं करता घरी?"

"कडेवर घेऊन. मग माझे बासष्ट वजा."

बोट शेवटच्या शनिवारवर थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळे आकडे वाचले. मग त्यांनी सालापावला मदतनीस बाईंकडे दिलं आणि कोपऱ्यातला मोठ्या कुत्र्यांचा काटा पायाने पुढे ओढला.

"चप्पल काढून जरा उभे राहा यावर."

"मी कशाला? आजारी तो आहे."

"उभे राहा, काका."

काका उभे राहिले. खाली वाकून त्यांनी आकडा वाचला. अठ्ठावन्न.

"डॉक्टर, हाच काटा बिघडलाय बघा तुमचा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सालापावची फाईल मिटली. "काका, रायोंगच्या तुमच्या मुलीचा फोन नंबर द्या मला."