घेवडेबाईंचा वाफा

वाफा तिने असा लख्ख केला होता की शेजारच्या वाफ्यांनी लाजावं. एक काडी नाही, एक पिवळं पान नाही. माती दाताळ्याने ओढून सपाट केलेली, कडेच्या विटा ओल्या फडक्याने पुसलेल्या. शुक्रवारी ती विटा पुसत बसली होती तेव्हा पलीकडच्या वाफ्यातले आजोबा बघत राहिले होते. आई गेल्यावर वाफ्याची आबाळ झाली असं कुणी म्हणायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आज ही सामाईक बाग बघायला लोक येणार होते. दर उन्हाळ्यात एका रविवारी येत. ज्याने त्याने आपल्या वाफ्याशी उभं राहायचं आणि आलेल्यांना दोन शब्द सांगायचे. तिने दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती.

आधी कंडक्टरकाकांचा आवाज आला, मग काका. बागकामाचे उन्हाळी वर्ग तेच घेत. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण वीसेक माणसांना टोमॅटोच्या ओळींमधून ते अजूनही “पुढे चला, पुढे रिकामं आहे” म्हणतच आणत होते. माणसं हसत होती.

“आता सगळ्यांनी हात मोकळे करा,” काका म्हणाले. “घेवडेबाईंच्या वाफ्यावरून कुणी रिकाम्या हाताने जात नाही.”

ते वळले आणि त्यांना वाफा दिसला. दाखवायला उचललेला हात तसाच राहिला.

“हा माझ्या आईचा वाफा,” तिने पहिलं वाक्य म्हटलं.

काकांनी हळूच विचारलं, वेल कुठे गेला. ती म्हणाली, पार वाळला होता, म्हणून उपटला. आणि शेंगा? त्याही वाळल्या होत्या, नुसत्या खुळखुळत होत्या. सगळं गोळा करून मागे खताच्या ढिगात टाकलं, तिने सांगितलं. केलेल्या कामाची माहिती द्यावी तसं तिने ते सांगितलं.

मग काकांनी जे सांगितलं ते तिच्याकडे न बघता, लोकांना सांगितलं. त्या शेंगा मुद्दाम वेलावर वाळू दिलेल्या असत, याच रविवारसाठी. प्रत्येकाने एक शेंग आपल्या हाताने फोडायची, आतले दाणे खिशात घालायचे. उरतील ते बाई पुढच्या पेरणीला ठेवत. बावीस वर्षं तोच घेवडा. मिळतो कुठे म्हणाल तर कुठेच नाही.

दाण्यांसाठी कागदी पाकीट घेऊन आलेल्या एका बाईने ते घडी करून पर्समध्ये परत ठेवलं.

“घरी डब्यात असतील की थोडे,” काका म्हणाले.

घरातले डबे गेल्या महिन्यात तिनेच रिकामे करून, धुऊन, पालथे घातले होते. कुठल्या डब्यात काय आहे हे तिने बघितलं नव्हतं. तिने नकारार्थी मान हलवली.

काकांनी मग लोकांना विचारलं, मागे कुणी नेले होते का. एका गृहस्थांनी नेले होते; त्यांची रोपं गोगलगायींनी खाल्ली. आणखी एकीने नेले होते, पण पेरायचे राहून गेले, मग घर बदललं.

“माझे तर मी दरवर्षी शिजवून खाल्ले,” काका म्हणाले. “म्हटलं, बाई आहेत. पुढच्या वर्षी देतीलच.”

यावर कुणी हसलं नाही.

ती ढिगाकडे निघाली तशी माणसंही मागोमाग गेली, कारण कुठे थांबायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अवजारांच्या खोलीमागे छातीएवढा ढीग होता, वर कापलेल्या गवताचा जाड थर. हे गवत शुक्रवारी संध्याकाळीच टाकलंय, काका म्हणाले. ती गुडघ्यांवर बसली, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी गवत उपसायला लागली.

माणसं अवघडून उभी होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून काकांनी वर्गात शिकवतात ते शिकवायला घेतलं. ढीग आतून चांगला तापलाय का ते असं ओळखायचं, म्हणाले, आत हात घालून बघा. एकेकाने हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. कुणीतरी विचारलं, आत आग लावलीय का. आग कशाला लागते, काका म्हणाले. ओलं गवत आणि सुकं पान एकत्र आलं की आपोआप तापतं. दोन दिवसांत बी मरतं. तणाचं मरतं, तसंच चांगलंही.

शेंगा तिला तेवढ्यात सापडल्या होत्या. ओल्या कागदासारख्या मऊ झाल्या होत्या. डाव्या हातात घेऊन तिने एक दाबली. दाणे टम्म फुगलेले होते, अंगठा लागताच त्यांची सालं सुटून आली, आत नुसता लगदा. तिने मूठ मिटली. उजवा हात कोपरापर्यंत ढिगातच होता.

लोक नळावर हात धुवायला गेले. मग फाटकाकडून त्यांच्या गप्पा ऐकू येऊ लागल्या, कुणाची गाडी कुठे लावलीय वगैरे. काका तिथेच उभे राहिले.

“चल पोरी, ऊन वाढलंय,” ते म्हणाले. “सापडलं का काही?”

तिने डावी मूठ मांडीशी घट्ट धरली.

“शोधतेय अजून,” ती म्हणाली, आणि उजवा हात आणखी आत घातला, जिथे ऊब जास्त होती.