पालीची फांदी

“हे काय काढून ठेवलंयस?” मॅडमनी पडद्यावर पेन्सिल आपटली. “पाल माझ्या शेजारी?”

पडद्यावर नव्या पालीचा वंशवृक्ष होता. कोणती जात कोणाच्या जवळची, हे एक ठरावीक जनुक ताडून, फांद्या काढून दाखवणारं ते सॉफ्टवेअर प्रोग्रामर मुलीनं लिहिलं होतं. नमुन्यात कुणाच्या हाताचं काही मिसळलं तर कळावं, म्हणून नमुने हाताळणाऱ्या सगळ्यांचा तोच जनुकही त्यात टाकलेला असे. प्रोग्रामरचा तेवढा नव्हता. तिचं काम खुर्चीतलं.

आणि आता ही पाल बाकीच्या पालींना सोडून थेट विभागप्रमुख मॅडमना चिकटली होती. दोघींत तसूभर अंतर नव्हतं.

उद्या मॅडम ही नवी जात परिषदेत मांडणार होत्या. त्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य डोंगरकपारीत घासलं होतं. आणि दाराबाहेर सगळा विभाग हसू दाबत उभा होता.

“सॉफ्टवेअर बरोबर आहे, मॅडम. नमुन्यात माणूस आहे.”

“म्हणजे शेण मी खाल्लं? नमुन्याच्या त्या नळीला मी हातसुद्धा लावलेला नाही! स्वतःची चूक माझ्या गळ्यात मारतेस?”

प्रोग्रामर नुसती पडद्याकडे वळली. त्यानं मॅडमचं डोकं आणखी फिरलं. असल्या घुम्या माणसांची त्यांना भारी चीड. तोंडावर भांडणारा परवडला.

“पुन्हा चालव.”

तिनं चालवलं. फांद्या झरझर फुटल्या. पाल जागची हलली नाही.

“अगं, हा जनुक आईकडून मुलांना जसाच्या तसा मिळतो, एवढं तरी कळतं का तुला? मी एकुलती एक. आईला जाऊन जमाना झाला. मग माझ्याशी तंतोतंत जुळणारं दुसरं आहे कोण? बोल ना, दातखीळ बसली?”

“तुम्हाला मूलबाळ?”

“नाही! कधीच नव्हतं! आणि तू कोण विचारणारी? चालती हो. उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

प्रोग्रामर उठली. तिचे कान लालबुंद झाले होते. तरी आवाज चढला नाही.

“पालीचा खरा नमुना फ्रीजमध्ये आहे. तुमचं उद्या काही अडणार नाही,” ती म्हणाली. “या नळीत मी माझी थुंकी घातली होती.”