साखळीतला चौदावा

सात वाजून चार मिनिटांनी फोन चौथ्यांदा वाजला आणि हॅलोबाईंनी तो झडप घालून उचलला.

"आला का हो त्याचा फोन?" पलीकडून कंपाउंडरकाका विचारत होते.

"नाही अजून. ठेवा बरं!"

रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा घंटी. या वेळी शिंपीकाका. "बाई, आला का?" त्यांनाही नाही सांगून बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

निवृत्तांच्या त्या वसाहतीत पत्त्यांपासून बागकामापर्यंत चिक्कार मंडळं होती, पण हॅलोबाईंच्या 'आहे मंडळा'ची ऐट वेगळी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या बाईंनीच ते काढलेलं. रोज पावणेसातला त्या पहिल्या खोलीत फोन लावायच्या. पलीकडच्याने फक्त "आहे!" म्हणायचं आणि पुढच्याला फोन करायचा. असं करत करत शेवटच्याने बाईंना फोन केला, की साखळी पुरी. मग बाई दारातली पितळी घंटा एकदा वाजवायच्या आणि सगळी मंडळी चहाला निघायची. घंटेआधी चहा नाही, हा नियम. सव्वासातपर्यंत घंटा झाली नाही, तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन सगळ्यांनी धावायचं. एकदा असंच धावल्यामुळे न्हाणीघरात पडलेल्या नर्सबाई वेळेत सापडल्या होत्या. आणखी एकदा बाकीचे बाराच्या बारा जण शिंपीकाकांच्या पलंगाभोवती उभे राहिले, तेव्हा ते फक्त घोरत होते.

कालपर्यंत मंडळी तेरा होती. आज चौदावा होता बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. बस चालवून निवृत्त झालेला. वसाहतीत येऊन पाच महिने झाले, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. जेवणाचं ताटसुद्धा दारातच घ्यायचा. बाईंनी पाठ सोडली नाही, तेव्हा काल कुठे वैतागून तयार झाला होता.

"बरं, एक दिवस. पण ऐक ताई, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. ते उद्या तुझं तुलाच कळेल. मग माझं नाव काढून टाकायचं आणि पुन्हा विषय नाही."

बाई रात्रभर कूस बदलत होत्या. सगळी मदार या एका फोनवर होती.

पुन्हा घंटी! या वेळी मुख्याध्यापिकाबाई. "मी आपलं सहज विचारतेय." आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलेल्या बाई, पण त्यांनाही धीर नव्हता. मग नर्सबाई. मग चहाघरातला आचारी; तो तर मंडळात नव्हताच. "बाई, दुसऱ्यांदा आधण ठेवलंय. आला का?"

सात वाजून अकरा मिनिटांनी ग्रंथपालांचा फोन आला. साखळीत ते तेरावे. "अहो, मी त्यांना केव्हाच लावला! पहिल्याच घंटीला उचलला. 'आहे' म्हणाले, आवाज कसा खणखणीत!"

"केव्हा?"

"सातच्या ठोक्याला. म्हणून तर विचारतोय, आला का तुम्हाला?"

सातला तो 'आहे' म्हणाला. पुढे उरला होता फक्त एक फोन, त्याच्याकडून त्यांच्याकडे. मग अडकलं कुठे?

आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं लोकांना 'लाइन व्यस्त आहे' असं सांगितलेल्या बाई त्या, आणि आज त्यांचीच लाइन सगळ्यांनी मिळून अडवून ठेवली होती!

"ठेवा! आधी फोन ठेवा! आणि सगळ्यांना सांगा, कुणीही मला फोन करू नका!" त्या ओरडल्या.

फोन गप्प झाला. सात तेरा. सात चौदा. तो काही वाजेना. दोनदा लावला असेल त्याने, बाईंच्या मनात आलं. एंगेज, एंगेज. बघ, कोण वाट पाहतंय, असं म्हणून पडला असेल भिंतीकडे तोंड करून. त्यांना रडूच फुटायला आलं. जुडगा घेऊन त्यांनी दार उघडलं.

दारात भाऊ उभा. पायजमा चुरगळलेला, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात भलत्याच कुणाची. धापा टाकत होता.

"सोळा वेळा लावला, ताई! सोळा! कुणाशी गप्पा छाटत होतीस? तुझी खोली शोधायला तीन जिने चढलो आणि दोन चुकीचे उतरलो!"

"अरे..."

"आहे! मी आहे! लिहून घे एकदाचं!"

बोलता बोलता तो थबकला. सव्वासात झाले होते. आपापल्या दारातून सगळी मंडळी व्हरांड्यात धावत आली होती. शिंपीकाकांच्या अर्ध्या गालाला साबण होता. कंपाउंडरकाका दात घालायचे विसरले होते. नर्सबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढे निघून आल्या होत्या. बाराही जण त्याच्याकडे बघत होते.

"एवढे सगळे..." त्याचा आवाज खाली आला. "का थांबलेत?"

"का म्हणजे?" मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या. "घंटेआधी चहा नाही. पाव तास अडलाय तुमच्यावाचून!"

भावाने बहिणीकडे पाहिलं. तिने नुसती घंटेची दोरी त्याच्या हातात दिली.

रोज ती घंटा एकदाच वाजे. आज दोनदा वाजली, ठण ठण, थांब्यावरची सगळी माणसं आत आल्यावर कंडक्टर द्यायचा तशी.