लाल टोप्या

"बाबा, आधी धबधबा, मग समुद्र!" आमच्या दोन्ही कार्ट्यांनी सकाळपासून डोकं उठवलं होतं.

जंगलाच्या फाटकावर रखवालदार बाईंनी चार लाल टोप्या दिल्या. दाट झाडीत माणूस नजरेआड होऊ नये म्हणून. पलीकडे, किनाऱ्यावरच्या फाटकाशी त्या परत करायच्या. चिठ्ठीवर मीच आकडा लिहिला, चार, आणि ती खिशात घातली.

धबधब्यात यथेच्छ भिजलो, खारींच्या मागे पळालो, आरडाओरडा करत किनारा गाठला. मुलं टोप्या फेकून थेट पाण्यात!

तिथल्या रखवालदाराने टोप्या गोळा केल्या. "पाच."

"अहो, चारच घेतल्या होत्या." मी चिठ्ठी काढली. अक्षर माझंच होतं. पाच.

बायको लाटांकडे बघत खुशीत हसली. "टोप्यांचं राहू द्या हो. आधी तिघांना आवरा!"