डोकं काढलेलं अस्वल

व्यवस्थापकांनी मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला. "हे तुम्हीच ना?"

फोटोत अंग अस्वलाचं होतं आणि तोंड माणसाचं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले, अस्वलाचं डोकं मांडीवर. मागे पाण्याची टाकी आणि कुंपणाला टेकवलेले झाडू.

"मीच," तो म्हणाला. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

त्या मनोरंजन उद्यानात त्याला सगळे अस्वलच म्हणत. उद्यान उघडलं तेव्हापासून ते सोंग त्याचं होतं. मुलं त्याच्या पोटाला मिठी मारत, लोकरी कानात गुपितं सांगत. डोकं नसलेलं अस्वल पाहुण्यांना दिसता कामा नये, हा तिथला सर्वांत कडक नियम. ज्याच्या चुकीने दिसेल, त्याची नोकरी गेली.

"फाटकावर पाटी आहे, तरी फोटो काढणाऱ्या बाई मागच्या आवारात शिरल्या," व्यवस्थापक म्हणाले. "तिकीट काढलं की लोकांना सगळंच आपलं वाटतं. वर फोटो टाकून खाली लिहिलंय काय, तर 'कुणीही अडवलं नाही!' बाईंना मी काय करणार? मला आपल्यातला माणूस सांगा. मदतनिसाने इशारा दिला होता?"

अस्वलाला तोंडाच्या जाळीतून पायापुढची जमीन तेवढी दिसे. बाकीचे डोळे मदतनिसाचे. मागच्या आवारात पोचल्यावर मदतनीस चौफेर बघून पाठीवर दोनदा थोपटी. म्हणजे कुणी नाही, डोकं काढा. थोपटल्याशिवाय काढायचं नाही.

आदल्या दिवशी, फोटोच्या वेळी, मदतनिसाने थोपटलं होतं. तो हात त्याला अजून पाठीवर जाणवत होता. पण मदतनीस म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. त्यानेच इथे नोकरीला चिकटवलेला.

"सकाळी सांगतो," तो म्हणाला.

घरी मेहुणा आधीच येऊन बसला होता. "भाऊजी, तुमची शपथ, मी नीट बघितलं होतं. बाई टाकीमागून आली असणार."

"असेल."

"आणि काढला फोटो तर एवढं काय आभाळ कोसळलं? लोकांना मागचं बघायला आवडतं. नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन नाही का काढत?"

"नाटकाला येणाऱ्याला ते नाटक आहे हे ठाऊक असतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना ठाऊक नसतं. परवा एक मुलगी मला विचारत होती, थंडीत झोपायला कुठे जातोस म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"अस्वल बोलतं का रे, शहाण्या? मान हलवली."

मेहुणा हसला नाही. बायकोही खाली मान घालून भाजी निवडत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने तिला विचारलं, "याची टोपी झाली का विणून?"

गेल्याच आठवड्यात तिने या खोलीत भावाच्या डोक्याभोवती तांबड्या लोकरीचा धागा गुंडाळून गाठ मारली होती. 'लाडक्या भावाला टोपी, आणि मला?' असं त्याने विचारल्यावर म्हणाली होती, 'तुम्हाला अस्वलाचं डोकं आहे की!' तिघंही पोट धरून हसले होते.

"लोकर कमी पडली," ती म्हणाली.

भाऊ गेल्यावर ती जवळ येऊन बसली. "त्याच्या घरी आता पाळणा हलायचाय. नोकरी गेली तर कुठे जाईल तो? तुमची मान तर अशीही रात्रभर ठणकते. सांगा ना, इशाऱ्याआधी तुम्हीच डोकं काढलं म्हणून."

"मी कधी काढलं नाही गं तसं. एकदाही नाही."

"मला माहीत आहे. पण माझ्यासाठी."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना. तो बराच वेळ मान चोळत बसला. मग बरं म्हणाला.

सकाळी व्यवस्थापकांनी त्याचं बोलणं मान खाली घालून ऐकलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. "अस्वल आता मेहुण्यालाच देऊ. चाल त्याला पाठ आहे. डोकं तेवढं जमा करून जा."

बाहेर पडताना त्याचे डोळे भरून आले. पण अस्वल घरातच राहिलं, असं त्याने स्वतःला समजावलं. मेहुण्याला दोन गोष्टी सांगता येतील. लहान मूल समोर आलं की गुडघ्यावर बसायचं, रडणाऱ्याच्या जवळ आपण होऊन जायचं नाही.

कपड्यांच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशींनी डोकं त्याच्या हातून घेतलं. आतलं जुनं अस्तर उपसून काढलं. त्याच्या कपाळाचा, कानांचा खळगा त्यात तसाच होता. मग फडताळातून नवं कोरं अस्तर काढून त्यांनी आत बसवलं.

"एवढ्यात तयारही झालं?" त्याने विचारलं.

"एवढ्यात कसलं? माप गेल्या आठवड्यातच आलं की. तुम्ही सोडताय, पण इतक्यात तुमच्याजवळ विषय काढू नका, असा निरोप होता. मला वाटलं, तुमचा छानसा निरोप समारंभ ठरतोय, गुपित असेल. म्हणून मीही तोंड शिवून बसले."

"कुणी दिला निरोप?"

मावशी दाताने दोरा तोडत होत्या. त्यांना ऐकू गेलं नसावं.

"थांबा, एकदा पडताळून बघते," म्हणत त्यांनी खण उघडला आणि अस्तराच्या कडेने माप लावलं. तांबड्या लोकरीचा धागा होता, गाठ मारलेला.