वाफ्यातली माती

“आई तुमच्यामुळे गेली नाही, बाबा,” दुकानात पाऊल टाकता टाकताच मुलगी म्हणाली आणि तिने प्रयोगशाळेचा अहवाल काउंटरवर ठेवला.

बाबांनी आधी समोरच्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. बाई घशासाठी दोन गोळ्या मागत होती. मागच्या खेपेला याच गोळीने बरं वाटलं होतं म्हणे. “चिठ्ठी आणा, लगेच देतो,” बाबा म्हणाले. बाईने दोनदा गळ घातली, मग तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात गेली. तिथे डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी लागत नसे. बाबांना सगळे ‘चिठ्ठीमास्तर’ म्हणत. तोंडावर कमी, पाठीमागे जास्त.

ते मूळचे असे नव्हते. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत कुणी नुसतं शिंकलं तरी ते पाकीट कापून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या हातावर ठेवायचे. लोक दुवा द्यायचे. मग एके दिवशी परसातला भाजीचा वाफा खुरपताना त्यांच्या बायकोच्या बोटाला खुरपं लागलं. तिसऱ्या दिवशी हात सुजून टम्म झाला. पाचव्या दिवशी तिला इस्पितळात हलवलं. एकामागून एक सहा औषधं देऊन झाली. एकही लागू पडलं नाही.

ती गेली त्या दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बाबांना व्हरांड्यात गाठलं. “धंदा काय तुमचा?” त्यांनी विचारलं. बाबांनी सांगितला. “मग ही तुमच्यासारख्यांचीच करणी. खिरापत वाटावी तशा गोळ्या वाटता. जंतूंना त्या पचायला लागल्यात.”

बाबांनी ते वाक्य जन्मठेपेसारखं डोक्यावर घेतलं. दुकान बंद केलं नाही. केलं असतं तर शिक्षा भोगायची कुठे? पण त्या दिवसापासून चिठ्ठीवाचून एक गोळी त्यांच्या हातून सुटली नाही. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. ती तुटल्याचं त्यांना जरा बरंच वाटलं.

मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिने जंतूंचाच अभ्यास धरला. आईच्या जखमेतला जंतू इस्पितळाने गोठवून ठेवला होता. तो हाती यायला तिला चार वर्षं अर्ज करावे लागले.

“आता बसा आणि नीट ऐका,” ती म्हणाली. “औषध पचवायचा गुण त्या जंतूने कुण्या गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात कमावलेला नाही. आपल्या वाफ्याच्या मातीतल्या जंतूंकडून उचललाय. मी दोन्हीकडचं जनुक ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळतं.”

“मातीत असं काही असतं?”

“मातीतच तर सुरू झालंय सगळं. बरीचशी अँटिबायोटिक्स ही मातीतल्या जंतूंनीच एकमेकांना मारायला काढलेली हत्यारं. हत्यार आलं की ढालही येतेच. कुणी कधी खणली नाही अशी डोंगरातली माती मी तपासली. तिथेही हीच ढाल आहे. लाखो वर्षांची. तेव्हा ना दुकान होतं, ना चिठ्ठी.”

“म्हणजे मी नाही,” बाबा म्हणाले.

“तुम्ही नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी अहवाल जवळ ओढला. औषधवाल्याची नजर, ती आकड्यांवर गेल्यावाचून राहते थोडीच. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“डोंगरात हजारात एक जंतू ढालवाला. आणि आपल्या वाफ्यात हजारात तीनशे? हे कसं काय?”

“ते एक कोडंच आहे,” मुलगी म्हणाली. “मातीत औषध पडत राहिलं की बाकीचे मरतात आणि ढालवाले माजतात. औषधांच्या कारखान्याच्या सांडपाण्याजवळ असं होतं. पण परसातल्या वाफ्यात औषध कोण कशाला टाकेल? ते मी पुढच्या वर्षावर ढकललंय.”

बाबांनी अहवालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मुदत संपलेली गोळी मी जन्मात कुणाला विकली नाही,” ते म्हणाले. “लोक तारीख खोडून विकायचे. मला ते कधी जमलं नाही. आणि कचऱ्यात टाकावी तर कुणीतरी उचलून खायचं. म्हणून पाकिटातून काढून, कुटून, खड्डा करून पुरायचो. सकाळी, तू उठायच्या आधी.”

“कुठे?”

“तुझी आईच म्हणाली होती, वाफ्यापाशी पुरा, तिथली माती भुसभुशीत आहे.”

मुलीने काउंटरची कड धरली. “अजूनही पुरता?”

“आता तर जास्तच. विकल्या जात नाहीत ना. तारीख उलटलेली अर्धी खोकी तशीच उरतात.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तू शिकलेली आहेस. खरं काय ते सांग.”

मुलीने अहवाल त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत तळाशी सारला. हाताखालच्या विद्यार्थ्यांचे अख्खे प्रबंध तिने एकेका बिनबुडाच्या वाक्यासाठी परत पाठवले होते.

“तेवढ्याने काही होत नाही, बाबा,” ती म्हणाली. हाती पुरावा असताना त्याच्या उलट केलेलं हे तिचं पहिलंच विधान होतं.